नसलेल्या माणसांची चरित्रं

मागच्या रविवारी सकाळी काकांचा फोन आला. "अरे, तू कॉम्प्युटरमधला ना? मग आपल्या गोविंदपंतांचं एक पान करून टाक की विकिपीडियावर. अर्ध्या तासाचं काम."

सॉफ्टवेअरवाल्या माणसाला नातेवाइकांनी सांगितलेलं कुठलंही काम अर्ध्या तासाचंच असतं. मी "बघतो काका" म्हणालो आणि चहा घेत बसलो. पण काका पक्के. तोवर त्यांनी कुलवृत्तांताच्या तीन पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेसुद्धा होते.

ज्यांच्या घरी हा प्रकार नाही त्यांच्यासाठी: कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या सगळ्या घराण्यांची छापील वंशावळ. कोण कुणाचा मुलगा, कुठे नोकरी, बायकोचं माहेर कुठलं, वगैरे. आमचा कुलवृत्तांत पन्नासेक वर्षांपूर्वी छापलेला आहे आणि त्यात गोविंदपंतांना चांगली तीन पानं दिलेली आहेत. पानिपतात लढले. तिथून वेषांतर करून काशीला गेले. पाच भाषा येत होत्या. अहिल्याबाईंनी इनाम दिलं. नीतिशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला, तो पुढे वाड्याच्या आगीत जळाला. त्याच पुस्तकात माझ्या पणजीबद्दल अर्धी ओळ आहे: पत्नी लक्ष्मीबाई, माहेरचे नाव समजले नाही.

मी ते पान केलं नाही. का केलं नाही हे फोनवर काकांना धड सांगता आलं नाही, म्हणून हा शनिवार त्यावर घालवतोय. गोष्ट जरा लांबची आहे, आणि सुरुवात आपल्या शेजारच्या डिचोलीपासून करू.

डिचोलीची न झालेली लढाई

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक लेख आला. विषय: गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४० ते १६४१ च्या सुरुवातीपर्यंत डिचोली परिसरात झालेलं एक अघोषित युद्ध. लेख साडेचार हजार शब्दांच्या आसपास. पार्श्वभूमी, लढाया, तह, परिणाम, तळटिपा, संदर्भग्रंथांची यादी, सगळं जिथल्या तिथे. काही महिन्यांतच त्याला तिथला 'चांगला लेख' हा दर्जा मिळाला. हा दर्जा आपोआप मिळत नाही बरं का. दुसरा एखादा संपादक लेख वाचून, निकष लावून तो देतो. लेखकाने त्याच्या वरच्या दर्जासाठीसुद्धा अर्ज केला होता, पण तो नामंजूर झाला.

आता महाराष्ट्रात चौथीपर्यंत शिकलेल्या कुणालाही विचारा. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे १६४० मध्ये ते दहा वर्षांचे. शहाजीराजे तेव्हा आदिलशाहीच्या नोकरीत कर्नाटकात होते. डिचोलीचा मुलूखही आदिलशाहीचाच. पोर्तुगीजांच्या हातात तो गेला अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी. मग १६४० मध्ये लढायला हे 'मराठा साम्राज्य' आलं कुठून?

हा लेख पाच वर्षं टिकला. डिसेंबर २०१२ मध्ये एका संपादकाने संदर्भग्रंथ शोधायला घेतले आणि लक्षात आलं की मुख्य पुस्तकं जगात कुठेच नाहीत. लेख उडवला गेला.

मला यातली गंमत अशी वाटते की लेख पकडला गेला तो इतिहास चुकीचा आहे म्हणून नाही, तर पुस्तकं सापडेनात म्हणून. दर्जा देणाऱ्याने लेख वाचला होता, पण फक्त लेखच वाचला होता. लेखाच्या बाहेर तो गेलाच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड रिव्ह्यू झाला, इंडेंटेशन छान, कॉमेंट्स छान, पण प्रोग्रॅम कुणी चालवूनच पाहिला नाही :)

डिचोलीत खोटी होती ती लढाई. पण माणसं खोटी तयार करणं त्याहून सोपं असतं, आणि तो उद्योग इंटरनेटच्या शंभर वर्षं आधीपासून चालू आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञांचा घोटाळा

१८८७ ते १८८९ या काळात न्यूयॉर्कच्या अ‍ॅपलटन कंपनीने सहा जाडजूड खंडांचा एक चरित्रकोश छापला: 'अ‍ॅपलटन्स सायक्लोपीडिया ऑफ अमेरिकन बायोग्राफी'. संपादक जेम्स ग्रँट विल्सन आणि जॉन फिस्क. फिस्क त्या काळातला नावाजलेला इतिहासकार. अमेरिकाभरच्या ग्रंथालयांनी तो कोश घेतला, आणि एखादं नाव अडलं की लोक तो उघडू लागले.

जॉन हेंडली बार्नहार्ट हा न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमधला माणूस. याचा छंद (आणि नोकरीही) म्हणजे जगातल्या सगळ्या वनस्पतिशास्त्रज्ञांची कार्डं तयार करायची. नाव, जन्म, मृत्यू, कुठे काय छापून आलं. त्याच्या मृत्यूनंतर, १९६५ मध्ये, ही कार्डं तीन खंडांत छापली गेली, यावरून पसारा किती असेल बघा. म्हणजे हा माणूस एक चालताबोलता डेटाबेस होता.

तर कार्डं भरता भरता बार्नहार्टला अ‍ॅपलटनच्या कोशात असे काही वनस्पतिशास्त्रज्ञ भेटू लागले, जे दुसरीकडे कुठेच भेटत नव्हते. बहुतेक सगळे युरोपातले, दक्षिण किंवा मध्य अमेरिकेत संशोधनासाठी गेलेले. प्रत्येकाचे प्रवास, मानसन्मान, आणि शेवटी ग्रंथांची भारदस्त यादी, प्रकाशनाच्या वर्षांसकट. वनस्पतिशास्त्रज्ञाने पुस्तक लिहिलं की ते कुठल्या ना कुठल्या सूचीत येतं, पुढच्या संशोधकाच्या तळटिपेत येतं, त्याने नाव दिलेली एखादी तरी वनस्पती असते. या लोकांचं काहीच नव्हतं. सप्टेंबर १९१९ मध्ये बार्नहार्टने बागेच्या नियतकालिकात लेख लिहून अशा १४ जणांची यादी दिली. हे चौदाही जण कधी जन्मालाच आलेले नव्हते!

कोश छापून तोवर तीस वर्षं होऊन गेली होती.

यातला एक ह्युऑं द पेनांस्टर नावाचा फ्रेंच गृहस्थ बघण्यासारखा आहे. त्याची गोष्ट बरीचशी तिएरी द मेनोंविल या खऱ्या माणसाच्या गोष्टीसारखी आहे. हा मेनोंविल १७७७ मध्ये मेक्सिकोत गेला आणि लाल रंग देणारे कोचिनील किडे स्पॅनिश लोकांची नजर चुकवून फ्रेंचांच्या ताब्यातल्या हैतीच्या बेटावर घेऊन आला. रंगाचा हा धंदा तेव्हा प्रचंड पैशाचा होता, त्यामुळे ही सरळ सरळ हेरगिरीच. कोशात खोटी माणसं घुसवणाऱ्याला गोष्ट आवडली असणार. त्याने नुसतं नाव बदललं.

दुसऱ्या एका नोंदीत एक फ्रेंच डॉक्टर दक्षिण अमेरिकेत कॉलऱ्याच्या साथीशी झुंज देतो. प्रसंग एकदम हृदयस्पर्शी. फक्त तिथे कॉलरा पोचायला अजून पन्नासेक वर्षं होती. कॉलरा, म्हणजे आपली पटकी, १८१७ मध्ये बंगालातून पसरायला लागली आणि अमेरिका खंडात १८३२ मध्ये पोचली. डॉक्टरसाहेब रोगाच्या आधीच हजर.

बार्नहार्टनंतर इतरांनीही शोधायला सुरुवात केली. १९३७ मध्ये मार्गारेट कॅसल शिंडलर यांनी इतिहासाच्या एका मान्यवर अमेरिकन नियतकालिकात यावर लेख लिहिला, आणि त्यात बनावट संशोधक, धर्मप्रसारक, प्रवासी अशांची आणखी भर पडली. पुढे एकूण आकडा चाळीसच्या वर गेला. हे कुणी केलं ते कधीच पुराव्याने सिद्ध झालं नाही. का केलं असावं याचा अंदाज मात्र बांधता येतो. लिहिणाऱ्यांना मोबदला मिळायचा तो मजकुराच्या लांबीवर. कुणावर लिहायचं हे लिहिणाराच सुचवू शकायचा. आणि कार्यालयात नोंद तपासली जायची ती मांडणी बरोबर आहे का एवढ्यापुरती. मजकूर खरा आहे का, हे कुणी बघत नव्हतं. अशी सिस्टिम असेल तर माणसं पैदा होणारच. आपल्याकडे कोडच्या ओळींवर पगार ठरला असता तर काय झालं असतं, कल्पना करून बघा.

म्हणजे विकिपीडियावर जो आरोप नेहमी होतो, 'कुणीही काहीही लिहितं', तो मोठ्या नावाच्या, पैसे मोजून घ्यायच्या छापील कोशालाही तितकाच लागू होता. फरक इतकाच की छापील पान एकदा कपाटात गेलं की ते दुरुस्त करायला हातच पोचत नाही.

चार महिने, दहा नावं आणि एक विल्हेल्म

विकिपीडियाला स्वतःचा पहिला मोठा झटका बसला २००५ मध्ये. जॉन सीगनथॉलर हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार. साठच्या दशकात रॉबर्ट केनेडींचे सहायक होते आणि केनेडींच्या अंत्ययात्रेत त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांपैकी एक. मे २००५ मध्ये कुणीतरी नाव न देता त्यांच्या चरित्रात लिहिलं की जॉन आणि रॉबर्ट या दोन्ही केनेडींच्या हत्येत यांचा हात असल्याचा संशय होता, आणि १९७१ ते १९८४ हा काळ त्यांनी सोव्हिएत रशियात काढला. हा मजकूर चार महिने तसाच राहिला. सीगनथॉलर तेव्हा ७८ वर्षांचे होते. २९ नोव्हेंबर २००५ ला त्यांनी 'यूएसए टुडे'मध्ये लेख लिहून आपला संताप मांडला. पुढे उघडकीला आलं की एका माणसाने सहकाऱ्याची गंमत करायला म्हणून हे लिहिलं होतं.

गंमत! मित्राच्या खांद्याला खांदा दिलेल्या माणसाला मित्राचा खुनी ठरवायचं, याची गंमत.

यानंतर डिसेंबर २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने खातं न उघडलेल्यांना नवे लेख सुरू करायला बंदी केली, आणि जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळे कडक नियम आले. विकिपीडियात एक गोष्ट मात्र पहिल्यापासून चांगली आहे: प्रत्येक बदलाचा इतिहास उघडा असतो. कोणत्या दिवशी, कोणत्या खात्यातून किंवा आयपीवरून, कोणता शब्द आला. अ‍ॅपलटनच्या कोशात ही सोय असती तर चाळीस माणसं घुसवणारा सापडला असता.

पण बदलांच्या इतिहासातूनही सुटणारी एक जात आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग हे मंत्री होणार असं ठरलं. हे सरदार घराण्यातले, त्यामुळे नावंच दहा. एका अज्ञात माणसाने जर्मन विकिपीडियावर मध्येच अकरावं घुसवलं: विल्हेल्म. दुसऱ्या दिवशी अनेक वृत्तपत्रांनी मंत्रिमहोदयांचं लांबलचक नाव कौतुकाने छापलं, विल्हेल्मसकट. मग विकिपीडियावर कुणीतरी विचारलं, विल्हेल्मला आधार काय? आधार म्हणून एका मोठ्या वृत्तसंस्थळाची लिंक दिली गेली, ज्याने ते नाव विकिपीडियावरूनच उचललेलं होतं.

सर्क्युलर डिपेन्डन्सी! अ ला आधार ब चा, ब ला आधार अ चा, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दोन स्वतंत्र पुरावे आहेत. म्हणून पहिला धडा असा की संदर्भ किती आहेत हे मोजू नये. ते एकाच विहिरीतून पाणी भरतायत का, हे बघावं.

सुटी माणसं

आता पूर्ण बनावट माणसांकडे येऊ. नोव्हेंबर २००४ मध्ये पोलिश विकिपीडियावर हेन्रिक बातुता नावाच्या क्रांतिकारकाचं छोटंसं चरित्र आलं. ओडेसात जन्म, कम्युनिस्ट, स्पेनच्या यादवी युद्धात लढला, हेमिंग्वेशी ओळख, आणि वॉर्सातल्या एका रस्त्याला त्याचं नाव. रस्ता खरंच होता! पण बातुता म्हणजे पोलिश भाषेत वाद्यवृंद चालवणाऱ्याची काठी, आणि रस्त्याला नाव होतं ते त्या काठीचं. हा गडी पंधरा महिने टिकला. फेब्रुवारी २००६ मध्ये गौप्यस्फोट झाला.

याच्यापुढे चिनी विकिपीडियावरचा प्रकार म्हणजे महाभारत. एका बाईने दहाएक वर्षं बसून मध्ययुगीन रशियाचा इतिहास रचला. सरदार, लढाया, चांदीच्या खाणी आणि त्या खाणींवर राबणाऱ्यांची बंडं. दोनशेच्या वर लेख. एकेका लेखाची लांबी कादंबरीशी स्पर्धा करणारी. खाली रशियन पुस्तकांचे पानांसकट संदर्भ. आपण रशियात शिकलेलो विदुषी आहोत असं तिने भासवलं होतं, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा विश्वास. जून २०२२ मध्ये एक चिनी कादंबरीकार त्यातल्या एका खाणीची आणखी माहिती शोधायला गेला आणि रशियन भाषेत त्या खाणीचा मागमूसही सापडेना. मग एक धागा ओढला की दुसरा. शेवटी तिने माफी मागितली आणि सांगितलं की आपण गृहिणी आहोत, शिक्षण शाळेपुरतं, रशियन येत नाही. भाषांतराच्या यंत्रावर काम सुरू केलं, जिथे अर्थ लागला नाही तिथे कल्पना भरली, आणि एक खोटं टिकवायला पुढची खोटी लिहीत गेले.

मला या बाईबद्दल थोडं वाईटही वाटतं. एवढ्या ताकदीची कादंबरी लिहिली असती तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. असो.

बार्नहार्ट, डिचोलीचा तो संपादक आणि हा कादंबरीकार यांच्यात काय समान आहे? तिघांनीही लेखाची भाषा तपासली नाही. तिघेही लेखातून बाहेर निघाले. बार्नहार्ट सूचीकडे गेला, संपादक ग्रंथालयांकडे गेला, कादंबरीकार दुसऱ्या भाषेत गेला. आणि बार्नहार्ट आणि कादंबरीकार तर लबाडी शोधायला निघालेच नव्हते. त्यांना ती माहिती खरोखर हवी होती, वापरायची होती.

या अंदाजाला आकड्यांचा आधारही आहे. २०१६ मध्ये सृजन कुमार, रॉबर्ट वेस्ट आणि यूरे लेस्कोवेट्स या तिघांनी इंग्रजी विकिपीडियावरच्या उघड झालेल्या लबाड लेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की बहुतेक लबाड्या नव्या लेखांवर पहारा देणाऱ्या संपादकांच्या हाती तासाभरातच लागतात. पण साधारण १ टक्का लेख वर्षाहून जास्त टिकतात, आणि डोकेदुखी त्यांचीच. मग त्यांनी लोकांना एक खरा आणि एक लबाड लेख शेजारी ठेवून विचारलं, यातला खोटा कुठला? नुसतं नाणं उडवलं तरी ५० टक्के उत्तरं बरोबर येतात. माणसांची आली ६६ टक्के. त्यांच्या प्रोग्रॅमची आली ८६ टक्के.

प्रोग्रॅम काय बघत होता? मजकूर खरा की खोटा हे त्याला कळत नव्हतंच. तो बघत होता की या लेखातून दुसऱ्या लेखांकडे जाणारे दुवे किती. ज्या लेखांकडे दुवे जातात ते एकमेकांना ओळखतात का. लेख तयार होण्याआधी हे नाव विकिपीडियात कुठे आलं होतं का. लिहिणाऱ्याचं खातं कालपरवाचं आहे का. टिकलेल्या लबाड लेखांत मजकूर भरपूर होता, पण दुवे कमी. आणि माणसं फसत होती ती नेमकी याच मजकुराला. लेख लांब आणि नीटनेटका दिसला की माणूस म्हणतो, खरा असणार.

म्हणजे खोटं चरित्र भरलेलं असतं, पण सुटं असतं. त्यात घटना हव्या तितक्या घालता येतात, कारण त्या लिहिणाऱ्याच्या हातात आहेत. दुसऱ्यांच्या कागदांत मात्र त्याला घुसता येत नाही. खऱ्या माणसाने कुणाकडून तरी कर्ज घेतलेलं असतं, कुणाशी भांडलेला असतो, कुणाच्या तरी डायरीत त्याचं नाव वाईट अक्षरात आलेलं असतं.

हे आत्ता मुद्दाम लिहितोय कारण आता कोणत्याही भाषेत सफाईदार चरित्र लिहून देणारी यंत्रं आपल्या सगळ्यांच्या खिशात आहेत, आणि ती न छापलेल्या पुस्तकांचे संदर्भ तेवढ्याच सफाईने देतात. अ‍ॅपलटनच्या त्या लबाडाला निदान हाताने लिहावं लागत होतं. मजकुराची सफाई हा पुरावा आधीही नव्हता, आता तर अजिबातच नाही.

परत गोविंदपंत

आपल्याकडे ही गोष्ट फार पूर्वी एका माणसाने ठासून सांगितली होती. इतिहासाचार्य राजवाडे. १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची अस्सल पत्रं होती. प्रस्तावनेत त्यांनी बखरी आणि ही पत्रं समोरासमोर ठेवून बखरीतल्या चुका दाखवल्या. बखर वाचायला रंगतदार. पत्र रुक्ष: पैसे पाठवा, घोडी मेली, दाणावैरण नाही. पण पत्राला तारीख असते, आणि त्याचं उत्तर दुसऱ्या कुणाच्या दप्तरात सापडतं.

तर गोविंदपंतांना हीच परीक्षा लावली. ग्रंथ जळाला. इनामाचं गाव कुठलं, लिहिलेलं नाही. काशीत कुणाकडे राहिले, नाही. पानिपतात कुणाच्या पथकात होते, नाही. सगळ्या नोंदीला आधार एकच: 'वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली माहिती'. आणि मग त्याच कुलवृत्तांताच्या वंशावळीत बघितलं तर गोविंदपंतांच्या मुलाचा जन्म शके १७४१. त्यात ७८ मिळवा, इसवी सन १८१९. पानिपत १७६१ चं. लढायला निदान अठरा-वीसचे तरी असतील, म्हणजे मुलगा झाला तेव्हा ते पंचाहत्तरीच्या पुढे. अशक्य नाही म्हणा.. पण मध्ये एखादी पिढी गळली असेल, किंवा दोन गोविंदपंत एकात मिसळले असतील, किंवा कुणा पणजोबाने पोरांना झोपवताना पानिपत जोडून दिलं असेल.

आता लक्ष्मीबाई, माझी पणजी. अर्धी ओळ. मजकुराच्या लांबीवर माणूस जोखायचा तर ही बाई नव्हतीच. पण बाबांच्या ट्रंकेत १९३४ चं एक गहाणखत आहे. पणजोबा गेल्यावर तिने वरचं शेत गहाण ठेवलं होतं. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. वर स्टँप, मागे नोंदणीचा शिक्का आणि नंबर. खाली लिहिलंय 'निशाणी डावे हाताचा अंगठा' आणि शेजारी जांभळा पडलेला तो अंगठा. दोन साक्षीदारांच्या सह्या. शेताचा सर्व्हे नंबर आहे, आणि तोच नंबर फेरफारात आहे, जुन्या सातबारावर आहे. साक्षीदारांपैकी एक गावातला सावकाराचा कारकून, त्याच्या नातवाबरोबर काका शाळेत होते.

म्हणजे जिचं माहेरसुद्धा कुणाला माहीत नाही, ती चारी बाजूंनी जोडलेली आहे. आणि ज्यांना तीन पानं मिळाली ते गोविंदपंत सुटे आहेत.

एक गोष्ट मात्र मी स्वतःला बजावून ठेवली आहे. कागद नाही म्हणजे माणूस नव्हता, असं नाही. आपल्याकडे कागद कुणाचे झाले? ज्यांच्याकडे जमीन होती, इनाम होतं, लिहिणारं कुणी होतं त्यांचे. पणजीचा अंगठा उरला तोसुद्धा घरात गहाण ठेवायला शेत होतं म्हणून. ज्यांच्याकडे तेही नव्हतं अशी कोट्यवधी माणसं खरी होती आणि सुटीच गेली. म्हणून लबाडी ओळखताना मी आता माहिती 'कमी' आहे का हे बघत नाही. माहिती भरपूर आहे आणि तरी कुठेच चिकटत नाही, असं दिसलं की थांबतो. विसरलेल्या माणसाची नोंद बहुतेक वेळा तुटपुंजी असते, आणि तुटपुंजी असल्याचं कबूलही करते. 'माहेरचे नाव समजले नाही' हे वाक्य लिहिणाऱ्यावर म्हणूनच माझा विश्वास बसतो. लबाडाने माहेर, मामा, मामाचं गाव, सगळं लिहिलं असतं.

काल रात्री काकांना फोन केला. वर्षांचा हिशोब सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे गोविंदपंत नव्हतेच म्हणतोस?"

"असतील हो काका. मी नव्हते म्हणत नाही. पण विकिपीडियावर टाकलं की उद्या कुणीतरी ते उचलणार, परवा कुठल्या तरी पुस्तकात येणार, आणि तेरवा तुम्हीच मला ते पुस्तक पुरावा म्हणून दाखवणार. आपल्या घरात सांगू या की, 'आमच्याकडे असं सांगतात' म्हणून."

काका जरा नाराजच होते. त्यांनी लहानपणापासून गोविंदपंत ऐकले आहेत, मी एका फोनमध्ये ते कसे काढून घेणार? पण फोन ठेवता ठेवता म्हणाले, "ते गहाणखत अजून आहे होय रे? मला वाटलं पुरात गेलं. फोटो पाठव बरं. अंगठ्याचा पण."

पाठवला. सकाळी त्यांचा मेसेज आला, की तो दुसरा साक्षीदार आहे ना, तो बहुतेक तिचा भाऊ असावा, कारण त्यांच्या आईच्या तोंडी त्या आडनावाचा एक मामा यायचा. आता त्या गावी जायचा बेत ठरतोय. सापडलं तर कुलवृत्तांतातल्या अर्ध्या ओळीची एक ओळ होईल.

बाकी पुढच्या शनिवारी.